पाळणाघर आणि घर: मुलाच्या खाण्याची एकच वही

सकाळी दहाला पोहे, अकराला रडायला लागला म्हणून बिस्कीट, दुपारी बाटलीभर दूध आणि साडेपाचला घ्यायला आलेल्या आजोबांच्या खिशात शेवेची पुडी. "जेवतच नाही हो" अशी तक्रार असलेल्या मुलाचा दिवस लिहून काढला की बहुधा असाच निघतो. त्याला भूक लागायला कुणी वेळच देत नाही. त्यातून आपलं इंदूर. इथे शेव कशावर पडत नाही?

तर आधी वही. ती मुलाच्या पिशवीतून रोज ये-जा करते. वेळ, पदार्थ, पाव-अर्धी-पूर्ण वाटी आणि दूध किती, एवढंच लिहायचं. "छान जेवला" हा शेरा काही कामाचा नाही. दिवसाचं पाळणाघरातल्या काकूंनी, सकाळ-रात्रीचं आईबाबांनी लिहायचं, चहाचा घोटसुद्धा. आठवडाभरात घोळ सापडतो, आणि तो बरेचदा दुधात असतो. काकू दोनदा देतात, घरी आई दोनदा देते, आणि दोघींना वाटतं दूध कमीच पडतंय. मूल वर्षाचं झालं की दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं. दुधात लोह नगण्य, म्हणून रक्त कमी होतं. बाटली सोडून पेल्याने दिलं की आपोआप बेताचं होतं. चहा मात्र नकोच, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास ठेवा, मधे फक्त पाणी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला २५० मिलीच्या वाटीने पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चारदा, शिवाय एक-दोनदा फळ वगैरे. वरणाच्या पाण्यावर भागवू नका. पोट भरतं, ताकद मिळत नाही. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका वरण-भात दाट हवा, वर चमचाभर तूप.

पोहे बंद करायची गरज नाही, बदलायचे. दोन-तीन वर्षांच्या चार मुलांसाठी दीड वाटी जाड पोहे भिजवा. फोडणीत मिरची नको. हिंग, हळद, किसलेलं गाजर, वाफवून चेचलेले मोडाचे मूग अर्धी वाटी. पोहे घालून वाफ आणा, मग दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात. उतरवल्यावर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. मोठ्यांनी आपल्या ताटलीत जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव घ्यावी, कढई एकच.

नवी भाजी एक चमचा, ओळखीच्या पदार्थाशेजारी. थुंकली तर उचलून ठेवा, दोन दिवसांनी परत वाढा. आठ-दहा वेळा तरी द्यावी लागते. जबरदस्ती केली की तीच भाजी पुढे महिनाभर नको होते. मोबाइल दाखवून भरवलं तर पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर. सलग दोन महिने वाढलं नाही तर डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या.

राहिली आजोबांची पुडी. "आणू नका" म्हटलं तर ते रुसतात. "केळं आणा" म्हणावं. तेही घरी बसवून द्यायचं, स्कूटरवर पुढे उभ्या मुलाला नाही. खड्ड्यात गाडी आदळली की घास घशात अडकतो.