‘स्टॉकर’ बघताना डुलक्या लागत असतील तर

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) हा सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे. गोष्ट शोधत बसलं की पहिल्या तासातच डोळे मिटायला लागतात.

१. सिनेमाचे मुळातच दोन भाग आहेत. पहिला संपला की सरळ बंद करा, दुसरा उद्या.

२. अर्थ राहू द्या, रंग बघा. बाहेरचं जग तपकिरी, ‘झोन’ या निषिद्ध प्रदेशात शिरलं की हिरवंगार.

३. हेडफोन लावाच. रुळांवरच्या ट्रॉलीचा प्रसंग लांबलचक आहे, नुसती ‘झोन’कडे निघालेल्या तिघांची डोकी दिसत राहतात. तिथे पुढे ढकलायचा मोह होतोच! पण चाकांचा खडखडाट हळूहळू कसा बदलतो, हे मोबाइलच्या स्पीकरवर कळतच नाही.

शेवटाकडे रंगांचा हा नियम मोडतो. प्रिंट खराब आहे समजून दुसरी शोधत बसू नका.