ब्रोमोला जाताय तर एक दिवस रिकामा ठेवा

जुलैत आमच्या डिचोलीत पाऊस असा लागतो की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस सुकत नाहीत, आणि नेमका तेव्हाच तिकडे जावा बेटावर कोरडा सीझन असतो, साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणून जिवंत ज्वालामुखी बघायचा असेल तर गोव्याच्या माणसाने चतुर्थीच्या आधी सुट्टी टाकून ब्रोमो गाठावा असं माझं स्पष्ट मत. पार्कचं पूर्ण नाव ब्रोमो तेंगेर सेमेरू नॅशनल पार्क, इंडोनेशियात पूर्व जावामधे. ब्रोमो म्हणजे आपला ब्रह्माच, तिथले तेंगेर लोक अजून हिंदू आहेत.

आता मेन गोष्ट. प्लॅनमधे एक दिवस जास्तीचा घाला. आम्ही डोंगरावर एकच रात्र ठेवलेली, पहाटे तीनला उठून वर गेलो तर समोर नुसतं धुकं, तासभर कुडकुडत पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले आणि खाली आलो. मग ट्रेनचं तिकीट फुकट घालवून एक रात्र वाढवली तेव्हा कुठे डोंगर दिसला. मावसभाऊ अजून त्या तिकिटाचे पैसे मागतो.

आणि धुक्याचं सोडा, ज्वालामुखीचा मूड पण बघावा लागतो. इंडोनेशियाचं सरकारी ज्वालामुखी खातं प्रत्येक डोंगराला 1 ते 4 लेव्हल देतं (1 म्हणजे शांत, 4 म्हणजे सगळ्यात धोक्याचा), 'मॅग्मा इंडोनेशिया' वेबसाइटवर ती दिसते, बुकिंगच्या आधी बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी परत बघा. ब्रोमो लेव्हल 2 वर असला की विवरापासून 1 किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचना असते. गाईड म्हणेल काही होत नाही, सगळे जातात, पण 2004 च्या जूनमधे तो अचानक उसळला तेव्हा दोन पर्यटकांचा जीव गेला, त्यामुळे गाईडचं नको, लेव्हलचं ऐका. मागचा सेमेरू तर जावातला सगळ्यात उंच, 3,676 मीटर, त्याच्या 2021 डिसेंबरच्या उद्रेकात 50 च्या वर माणसं मेली. त्याच्या शिखराच्या नादाला लागू नका, लांबून धूर सोडताना बघायलाच तो छान.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. भारतीय पासपोर्टला 30 दिवसांचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, 5 लाख रुपिया, शून्य बघून घाबरू नका. घरात कोणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी तोच नियम. पार्कचं तिकीट ऑनलाइन आधीच काढायचं, परदेशी माणसाला रेट बराच जास्त आहे. मोपा एअरपोर्टवरून बेंगळुरू किंवा मुंबई, तिथून सिंगापूर किंवा क्वालालंपूर करत सुराबाया, मग ट्रेनने दोनेक तासात प्रोबोलिंगो, मग मिनीबसने चेमोरो लावांग, हे गाव अगदी जुन्या महाविवराच्या काठावर आहे. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आपल्याकडे कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' करत कोंबतो तसंच, फक्त भाषा वेगळी.

पुढची सिस्टीम कुळ्याहून दूधसागरला गेलेल्याला लगेच कळेल. स्वतःची गाडी आत न्यायची नाही, जुन्या लँड क्रूझर जीप असतात, एकटे असलात तर शेअर करायची. पहाटे जीप पेनांजाकानला नेते, 2,770 मीटरवर, साडेपाचच्या आसपास सूर्य येतो. समोर मधोमध जो घड्या पडलेला सुंदर शंकू दिसतो तो ब्रोमो नाही हां, तो बातोक, थंड झालेला. ब्रोमो म्हणजे त्याच्या बाजूचा, डोकं छाटल्यासारखा, धूर येतो तो. अर्धं जग बातोकचा फोटो ब्रोमो म्हणून टाकतं, मी पण टाकलेला.

मग जीप खाली वाळूच्या मैदानात उतरते. ती काळी राख आहे, बारीक, आणि ज्याने उसगाव बाजूला खाणीच्या ट्रकमागून स्कूटर चालवलीय त्याला मी वेगळं काय सांगू, मास्क आणि चष्मा हवाच. वाटेत पुरा लुहूर पोतेन देऊळ लागतं. पुढे, लेव्हल जाऊ देत असेल तरच, सुमारे अडीचशे पायऱ्या, वर काठावर गेलं की आधी आवाज येतो, दाबोळीला विमान टेकऑफ घेतंय आणि ते संपतच नाही असा, मग गंधकाचा वास नाकात जातो आणि डोळे चुरचुरतात. दमेकऱ्यांनी खालीच थांबावं, माझी मावशी थांबली आणि घोडेवाल्यांशी खाणाखुणा करत खूश होती.

थंडीचं मात्र सिरियसली घ्या. जुलै-ऑगस्टमधे रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, कधीकधी वाळूवर दंव गोठतं. गोव्यात स्वेटर कोणाकडे असतो? मी लग्नातली शाल नेलेली, काही उपयोग नाही, शेवटी जॅकेट भाड्याने घेतलं. कानटोपी, हातमोजे, बंद बूट, टॉर्च एवढं न्याच.

तारखा ठरवताना दोन सण बघा. न्येपी, म्हणजे शक वर्षाचा पहिला दिवस, आपल्या पाडव्याच्या आसपास कधीतरी येतो (2026 मधे दोन्ही 19 मार्चलाच, शक पण तोच 1948), त्या दिवशी ब्रोमो बंद आणि बालीचा एअरपोर्ट सुद्धा बंद. दुसरा यद्न्या कासाडा, बहुतेकदा जूनच्या आसपास पौर्णिमेला, तेव्हा तेंगेर लोक विवरात भाजी, कोंबड्या, बकऱ्या अर्पण करतात आणि आत उतारावर जाळी घेऊन उभे राहिलेले लोक त्या वरच्यावर झेलतात. 2024 आणि 2025 मधे त्या दिवसांत पार्क पर्यटकांना बंद होतं, म्हणून तो आठवडा टाळा.

खाण्यात नासी गोरेंग, म्हणजे तिथला फ्राइड राइस, सगळीकडे मिळतं. आयाम म्हणजे चिकन, सापी म्हणजे बीफ, एवढे दोन शब्द पाठ केले की काम भागतं. कॅश जवळ ठेवा. फटाके, रंगीत धुराच्या नळ्या वगैरे अजिबात नको, 2023 मधे प्री-वेडिंग शूटच्या फ्लेअरने तिथलं गवताळ रान पेटलं होतं.