गोव्यात शिकवायला येताय? आधी कान तयार करा

दर जूनमध्ये महाराष्ट्रातून दोन-तीन फोन ठरलेले. पत्रकारिता, संज्ञापन शिकवणारी तरुण मंडळी असतात. पहिला प्रश्न खोलीचा.

खोली पावसाळ्याच्या तोंडावर बघा. ऑक्टोबरनंतर पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की भाडी चढतात. पणजीत नाही परवडली तर पर्वरी, म्हापसा किंवा फोंडा बघा. फोंड्याकडे मराठी कानावर पडत राहते, नवख्याला बरे वाटते. घरमालकाकडून भाडेकरूचा पोलीस पडताळणीचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घ्या. दुपारी एक ते चार बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा खरेदी सकाळीच उरकावी. आणि जुलैतल्या दमटपणात लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते.

नोकरीचे मात्र नीट ऐका. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास झालो म्हणून कायम जागा मिळेल असे धरून चालू नका. सरकारी जाहिरातीत 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागतात. तोवर तासिका तत्त्वावर शिकवावे लागते आणि त्या पैशांत घर चालवणे अवघड असते. मी 1998मध्ये पणजीत एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून आलो, शिकवायला लागलो ते पुष्कळ उशिरा, आणि तेही टंकामुळे, म्हणजे फॉन्टमुळे. कार्यालयात संगणक बदलले नि जुन्या फॉन्टमधल्या आमच्या फायली उघडल्या, तर पानभर नुसती चिन्हे. कित्येक वर्षांचे लेख डोळ्यांदेखत वाचता येईनासे झाले. रात्रपाळी संपली की एकेक फायल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरसंकेतात, आणत बसायचो; इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक तेव्हाच बोटांत बसला. ते बघूनच एका महाविद्यालयाने मुलांना शिकवायला बोलावले.

वर्गात गेलो आणि कळले, आपल्याला इथले निम्मे वाचताच येत नाही. एका मुलीने कॅन्टीनमधून मेसेज पाठवला. रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी. पहिला शब्द एक्स, आय, टी. मी 'क्सित' वाचले. दुसऱ्या दिवशी तिने मोठ्याने वाचून दाखवले: शीत-कडी! भात आणि माशाची कढी. रोमीत एक्स म्हणजे 'श' आणि दोन डी जोडून 'ड', ही पोर्तुगीज काळापासूनची वहिवाट. ऐकले असते तर तत्क्षणी कळले असते, शीत काय मराठीला परके आहे!

म्हणून सांगतो, कोकणी आधी ऐका. बसमध्ये, बाजारात, तियात्राला, म्हणजे इथल्या कोकणी संगीत नाटकाला जाऊन. तिला मराठीची बोली म्हणू नका, अगदी कौतुकानेसुद्धा नाही. 1967च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. 1987च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. रोमन लिपीला त्यात स्थान मिळाले नाही, ही रोमीवाल्यांची सल अजून ताजी आहे. त्या वादात मत द्यायला तुम्हाला पुष्कळ वर्षे आहेत.

तंत्रज्ञानाची ओढ असेल तर इथे करण्यासारखे खूप आहे. भारतातला पहिला छापखाना 1556मध्ये गोव्यातच आला. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणारे काव्य, 1616मध्ये मडगावजवळच्या रायतूरला छापले गेले. ओव्या मराठीतल्या, लिपी रोमन, कारण छपाईचे नागरी खिळे इथे नव्हते. मोबाइलवर रोमन कळफलक आधी हाताला लागतो म्हणून त्याच लिपीत लिहिणारी मुले माझ्या वर्गात आहेत, तेव्हा मला ते पुराण आठवते. मुलांना एकच बातमी देवनागरीत आणि रोमीत लिहायला लावतो, मग अदलाबदल करून मोठ्याने वाचायला. माझी सगळ्यात आवडती तासिका तीच.

मडगावला आलात तर रायतूरला जाऊन या. बसमध्ये 'राशोल' हे त्याचे दुसरे नाव म्हणा, कंडक्टरला लगेच कळेल.