मोटार भरणाऱ्याची वही

परभणीत माझं मोटार भरायचं दुकान आहे; पाण्याच्या पंपाची मोटार जळाली की आतली तार काढून नवी गुंडाळायची, हे काम. मार्च लागला की जळालेल्या मोटारी दारात रांग लावतात. 27 वर्षं हेच काम केलं, म्हणून शिकायचं ते शिकून झालं असं वाटायचं. मग सौर पंप आले.

2019ला शेतकऱ्यांना सौर पंप देणारी केंद्राची कुसुम योजना सुरू झाली आणि पुढं शेतकरी ते पंपही घेऊन यायला लागले. काहींत कंट्रोलर नावाची पेटी पॅनेलच्या डीसी करंटचा घरातल्यासारखा एसी करते, म्हणजे आत आपली ओळखीचीच मोटार. काहींत मात्र चुंबकवाली डीसी मोटार. पहिल्यांदा शेतावर गेलो अन् सवयीनं मेन स्विच पाडून पॅनेलच्या वायरीला हात घालायला निघालो. सोबत आयटीआय झालेलं पोरगं होतं. ओरडलंच, "उस्ताद, थांबा! ऊन हाय तवर त्या वायरीत करंट हाय!"

त्या दिवशी त्याला म्हणालो, "मला हे येत नाही, तू दाखव." शिकायला बसायचं तर सुरुवात इथून करा. मोठ्यानं म्हणा, आणि हाताखालच्यांसमोर म्हणा. जीभ जड होते, मान्य आहे.

दुसरं, वही. जुनं वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, उपटायच्या आधी आम्ही स्लॉट (तार बसायच्या खाचा) किती, वेढे किती, तार कोणत्या गेजची, कॉइल कुठून कुठं गेली, हे सगळं लिहून घेतो. उपटल्यावर आठवू म्हणणारा फसतो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी स्वतःच्या चुका लिहितो: तारीख, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं. "लक्ष नव्हतं" एवढंच लिहून भागत नाही. "कनेक्शन करताना फोन उचलला" असं लिहा.

व्हिडिओचं सांगतो. रात्री मोबाइलवर बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. तो बंद करून कोऱ्या कागदावर कनेक्शन काढून बघा. निम्म्यात हात थांबतो. जिथं थांबला तेवढंच पुन्हा बघा, आणि आठवड्यानं परत न बघता काढा.

आता पोरांचं. आधी मी लई शिव्या द्यायचो. एकदा कॉइल बसवताना एका पोराकडून स्लॉटमधला कागद फाटला; तार लोखंडाला लागू नये म्हणून तो घालतात. भीतीनं त्यानं तसंच वार्निश मारलं. दुकानात मोटार पास झाली, आठ दिवसांत बॉडीला शॉर्ट होऊन परत आली. शेतकऱ्याचं पाण्यावाचून नुकसान झालं ते वेगळंच. तोंड माझं वाजलं, पण चूकही माझीच होती: सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. तेव्हापासून दर शनिवारी हिशेबाच्या आधी मी माझ्या आठवड्याच्या चुका वाचतो. पहिला मी, मग ज्याला वाटेल तो. पहिले दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. घाई करू नका, आणि सांगितलेल्या चुकीचे पैसे कापू नका.

घरात मात्र हे जपून. "तुझं काय चुकतं तेही लिहीत जातो," असं बायकोला म्हणालो; दोन दिवस बिनसाखरेचा चहा मिळाला. वहीत फक्त आपलंच लिहायचं असतं.

परवा मागची पानं उघडली तर माझ्या अक्षराखाली त्याच पोराचं वाकडं अक्षर होतं: "5 एचपी, कागद फाटला. काढून नवा घातला. अर्धा तास गेला."