त्झात्झिकीला पाणी सुटत होतं, ते असं थांबलं

त्झात्झिकी म्हणजे ग्रीसमधली दही-काकडीची घट्ट कोशिंबीर. केली की तासाभरात वाटीच्या कडेने पाणी जमायचं. आधी दोष दह्याला दिला. एक लिटर दही मलमलच्या फडक्यात रात्रभर फ्रिजमध्ये टांगून श्रीखंडाला करतो तसा चक्का केला, तरी तेच. पाणी काकडीचं होतं. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं. म्हणून ते दह्यात पडण्याआधीच काढायला हवं.

मोठी काकडी उभी चिरून बिया चमच्याने खरवडून टाका. जाडसर किसा, अर्धा चमचा मीठ चोळून 20 मिनिटं चाळणीत ठेवा. मग फडक्यात पुरचुंडी बांधून थेंब थांबेपर्यंत पिळा. कीस मूठभरच उरतो, पण मोकळा.

400 ग्रॅम चक्क्याला लसणाची एकच पाकळी मिठासोबत ठेचून घाला. ठेवल्यावर तिचा उग्रपणा वाढतो. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा व्हिनेगर, बारीक चिरलेला शेपू. ग्रीसमध्ये शेपू किंवा पुदिना घालतात, कोथिंबीर नाही. मिक्सर अजिबात नको, चक्का सैल पडतो. चमच्याने हलकंच कालवा. काकडीत मीठ आहेच, म्हणून आणखी घालण्याआधी चव बघा. दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्या.