टागालोग शिकताय? आधी क्रियापद पकडा

मावसभाऊ बोटीवर आहे, क्रूमधली निम्मी पोरं फिलिपिन्सची, सुट्टीला नाशिकला आला की अर्धं टागालोगच बोलतो. त्याच्या नादाने मी पण सुरू केलं आणि पहिले दोन महिने नुसते शब्द पाठ केले, सगळे पाण्यात. तुम्ही तसं करू नका. तिथे भाषा शंभराच्या वर आहेत, सेबुआनो, इलोकानो वगैरे, पण १९८७ च्या राज्यघटनेतली राष्ट्रभाषा फिलिपिनो टागालोगवरच उभी आहे, म्हणून सुरुवात इथूनच करा.

आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं सहसा सगळ्यात पुढे. आता हे बघा, उबास म्हणजे आपली द्राक्षं, आणि बाबाए म्हणजे बाई (हो, बाबा नाही, बाई).

बुमिली आंग बाबाए नांग उबास: बाईने द्राक्षं घेतली, कुठली का असेनात.
बिनिली नांग बाबाए आंग उबास: ती आपण बोलत होतो ना, तीच द्राक्षं बाईने घेतली.

धातू एकच, बिली, म्हणजे विकत घेणं. त्याच्या पोटात 'उम' घुसवला की क्रियापद घेणाऱ्याकडे बोट दाखवतं, 'इन' घुसवला की घेतलेल्या वस्तूकडे, आणि ज्याच्याकडे बोट त्याच्या आधी 'आंग' लागतो. एवढंच नाही, बिनिल्हान म्हटलं की बोट विकणाऱ्याकडे, इबिनिली म्हटलं की ज्याच्यासाठी घेतलं त्याच्याकडे. माणसाचं नाव असेल तर आंगच्या जागी 'सी' आणि नांगच्या जागी 'नी', बस.

मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला पाहिजे. 'मुलगा द्राक्षं खातो' मध्ये क्रियापद मुलाप्रमाणे बदलतं, 'मुलाने द्राक्षं खाल्ली' मध्ये द्राक्षांप्रमाणे, म्हणजे बिनिलीच्या वाक्यातला नांग हा जवळपास आपला 'ने' समजा. फरक एवढाच की आपल्याकडे 'खाल्ली'सारखा भूतकाळ आला की तसं करावंच लागतं, तिकडे कुठल्याही काळात बोलणारा ठरवतो बोट कुणाकडे ते. मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो, कारण मी आंगला 'कर्ता' समजून बसलो होतो.

काळाचं म्हणाल तर तो डोक्यातून काढा, काम झालं का चालू आहे का व्हायचंय एवढंच बघा. काइन म्हणजे खाणं. कुमाइन म्हणजे खाऊन झालं, कुमाकाइन म्हणजे खाणं चालू, काकाइन म्हणजे खाणार. पहिलं अक्षर डबल झालं की समजायचं काम अजून पुरं झालेलं नाही. काल जेवत होतो हे सांगायला पण कुमाकाइनच, वेळ 'काल' या शब्दातून कळते.

नकाराचा शब्द तर ऐकून हसू येतं, हिंदी! हिंदी म्हणजे नाही. आणि तो पुढे आला की 'मी', 'तू' वाले छोटे शब्द क्रियापदाच्या मागून उडी मारून पुढे येतात: कुमाइन आको, जेवलो मी, पण हिंदी आको कुमाइन, नाही जेवलो.

प्रॅक्टिसला रोजचं वाक्य घ्या, कुमाइन का ना बा (का म्हणजे तू, ना म्हणजे एव्हाना, बा प्रश्नाचा), म्हणजे जेवलास का, तिकडे पण लोक भेटल्यावर हेच विचारतात. मोठ्या माणसाला कुमाइन ना पो बा कायो, यात कायो म्हणजे आपलं 'तुम्ही' आणि पो हा मानाचा. उत्तर द्यायचं हिंदी पा आको कुमाकाइन, अजून जेवलो नाही. इथे 'पा' म्हणजे अजून आहे, म्हणून कुमाइन नाही, कुमाकाइनच, कारण काम अजून व्हायचंच आहे.