फायरमन घरी येतो तेव्हा पहिला तास कसा सांभाळायचा

माझा नवरा फायर ब्रिगेडमध्ये आहे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी रोज एकच चूक करायचे, तो दारात आला की लगेच सुरू, कुठे होती आग, कोणाला लागलं का, तू आत गेला होतास का. तो म्हणायचा काही नाही, आणि मग दिवसभर दोघंही गप्प. म्हणून सांगते, पहिला तास नीट लावून घ्या.

आधी आंघोळ, मग बाकी सगळं. आगीत घालायचा सूट स्टेशनवरच राहू दे, घरी नको, गाडीच्या सीटवर तर अजिबात नको. अंगावरचे कपडे दाराशीच पिशवीत काढायचे आणि मशीनला वेगळे लावायचे, मुलांच्या कपड्यात नाही. काजळीत कॅन्सर करणारी केमिकल्स असतात, ती कातडीतूनही आत जातात, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२२ मध्ये हे कामच कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. लेकरू मिठी मारायला पळत येतं तेव्हा अडवायला जीवावर येतं, पण अडवायचं. आमची मुलगी आता बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभी असते, बाबाचे केस ओले असतानाच गळ्यात पडते.

मग झोप. रात्रभर बेल वाजली की उठून पळालेला माणूस असतो तो. खोलीत अंधार करा, बिलं आणि शाळेच्या तक्रारी उठल्यावर.

बोलण्याचं म्हणाल तर प्रश्न नकोत, शेजारी बसून काहीतरी काम करा. एकदा आम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतो आणि तो एकदम म्हणाला, त्या पोराच्या पायात आपल्या मुलीसारखेच बूट होते गं. मी काहीच बोलले नाही, पुढचा शर्ट त्याच्या हातात दिला, मग तो अर्धा तास बोलत होता.

ड्युटीवर असताना सारखे फोन लावू नका. आमचं ठरलंय, आगीच्या कॉलवरून स्टेशनवर परत आला की मेसेजमध्ये नुसतं एक टिंब टाकायचं, तेवढ्याने मला झोप लागते.

आणि झोपेत दचकणं, दारू वाढणं, मुलांवर विनाकारण ओरडणं असं महिनाभर चाललं तर "नोकरीच तशी आहे" म्हणून सोडून देऊ नका, मानसोपचार डॉक्टरकडे सोबत जा. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.